दुसरा रिमोट

माणसाच्या आयुष्यातून काही गोष्टी जाताना वाजतगाजत जातात. नोकरी संपते तेव्हा शाल-श्रीफळ मिळतं. केस जायला लागले की न्हावी वर्ष-दोन वर्षं आधीपासून सूचक खोकतो. दात पडला तर आळीभर बातमी होते. खेळाची आवड मात्र कधी जाते याचा पत्ताच लागत नाही. एके संध्याकाळी आपण विटीदांडू खेळून घरी येतो, हातपाय धुतो, वरणभात जेवतो आणि झोपतो. तो आपला शेवटचा डाव होता हे आपल्याला कोणी सांगत नाही. ना निरोपसमारंभ, ना अध्यक्षांचे दोन शब्द. विटी कुठे गेली हेसुद्धा पुन्हा कोणी विचारत नाही.

हा विषय निघायला कारण आमचे चिरंजीव. वय वर्षे बारा, इयत्ता सातवी, कायमचा पत्ता बारामती, परंतु खरा मुक्काम टीव्हीसमोर. एका रविवारी दुपारी, म्हणजे कुठल्याही सभ्य गृहस्थाच्या तोंडावर वर्तमानपत्र पसरलेलं असावं अशा वेळी, ते माझ्या उशाशी येऊन उभे राहिले. हातात व्हिडिओ गेमचे दोन रिमोट. (त्यांना 'कंट्रोलर' म्हणतात हे मला अनेकदा सांगण्यात आलेलं आहे. पण आमच्या पिढीत ज्याला बटणं असतात त्याला रिमोट म्हणतात, आणि आता या वयात मी भाषा बदलणार नाही.)

"बाबा, खेळता का? दोघांची गेम आहे."

"वेळ नाही रे."

चिरंजीवांनी एकदा माझ्याकडे आणि एकदा माझ्या उशीकडे पाहिलं. "तुम्ही झोपलाय."

"डोळे दुखतात."

"मघाशी फोनवर विहिरीतून म्हैस काढताना बघत होतात की तासभर!"

म्हैस खरोखरच अवघड जागी अडकली होती, पण ते त्याला सांगून उपयोग नव्हता. मी शेवटचा हुकमी पत्ता टाकला. "आता आवड राहिली नाही, बाळा."

"का?"

एवढं विचारून तो गेला. त्याचं काम झालं, माझी झोप गेली. आपल्याकडे ज्याला खेळता येत नाही तो पंच होतो, ज्याला गाता येत नाही तो परीक्षक होतो आणि ज्याला दोन्ही जमत नाही त्याला समीक्षक होण्यावाचून गत्यंतर नसतं. मी पडल्या पडल्या समीक्षक झालो.

समीक्षकाने प्रथम आपला अधिकार सांगावा अशी प्रथा आहे. माझा अधिकार १९९३च्या उन्हाळ्यातला. वार्षिक परीक्षा संपली की आमची रवानगी बारामतीहून इंदापूरला मामाकडे होत असे. अंतर पन्नासएक किलोमीटर, पण एस.टी. भवानीनगर, लासुर्णे, जंक्शन, निमगाव केतकी अशी एकेका गावाची विचारपूस करत जाई. त्या वर्षी मामाने पुण्याहून एक व्हिडिओ गेम आणला होता. डब्यावर जपानी थाटाचं नाव. जपानने मात्र तो बहुधा कधी पाहिला नसावा. निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली जपानात काढलेल्या यंत्राच्या अशा असंख्य नकला तेव्हा आपल्या बाजारात होत्या. त्यात एक पिवळी कॅसेट घालायची. कॅसेटवर 'नऊ लाख नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव खेळ' असं छापलेलं, प्रत्यक्षात आत पाच-सहा. उरलेले तेच पुन्हा पुन्हा, वेगळ्या आकड्याखाली. जाहीरनामा कसा वाचावा याचं प्राथमिक शिक्षण मला त्या कॅसेटने दिलं. कॅसेट चालेनाशी झाली की तिच्यात फुंकर मारायची. फुंकरीने काय होतं ते कोणी सांगू शकत नव्हतं, पण चालायची खरी.

माझा साथीदार म्हणजे मामेभाऊ. त्याला सगळे अप्पा म्हणतात. तो बारा वर्षांचा होता तेव्हाही अप्पाच होता. पहिला रिमोट पाहुणा म्हणून माझा, दुसरा त्याचा. दुसऱ्या रिमोटचं डावं बटण रुतायचं. अप्पाने त्याबद्दल कधी तक्रार केली नाही.

अधिकार सांगून झाला. आता समीक्षा.

पहिली कलाकृती 'सुपर मारिओ ब्रदर्स', १९८५. कर्ते शिगेरु मियामोतो. कथानक असं : मारिओ नावाचा एक मिशीवाला प्लंबर आहे. राजकन्येला कासवाच्या जातीच्या एका राक्षसाने पळवून नेलं आहे. तिला सोडवायला हा एकटा निघतो. आठ जगं, प्रत्येकात चार टप्पे, एकूण बत्तीस. वाटेत नाणी वेचायची, अळंबी खाऊन मोठं व्हायचं आणि हिरव्या नळांत शिरायचं. लहानपणी मला यात काही खटकलं नाही. आज मात्र पहिल्याच वाक्याला अडखळायला होतं. प्लंबर स्वतःहून निघतो? आमच्या मोरीतल्या गळक्या नळासाठी मी एका प्लंबरला फोन करून तीन आठवडे झाले. 'निघालोच' या एका शब्दापलीकडे कथानक सरकलेलं नाही. आणि हा गृहस्थ परक्या राजकन्येसाठी बत्तीस टप्पे धावतो!

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. दर चौथ्या टप्प्याला एक किल्ला येतो. आगीचे गोळे चुकवत, राक्षसाला पुलावरून खाली पाडून मारिओ आत पोचतो, तर तिथे राजकन्या नसतेच. अळंबीसारखी टोपी घातलेला एक सेवक उभा असतो. तो आभार मानतो आणि सांगतो की आमच्या राजकन्या दुसऱ्या किल्ल्यात आहेत. असं एकदा नाही, सात वेळा होतं. बाराव्या वर्षी हे वाक्य वाचून आमच्या अंगात वीरश्री संचारत असे. पंचेचाळिशीत मी त्या सेवकाला पाहताक्षणी ओळखलं. मागे एका उताऱ्यासाठी मी एका कचेरीत गेलो होतो. तिथे हाच खिडकीत बसला होता. टोपी नव्हती एवढंच. कागद पलीकडच्या टेबलावर होता. पलीकडचं टेबल जेवायला गेलं होतं. जेवून आल्यावर त्याने मला दुसऱ्या इमारतीत पाठवलं, त्या इमारतीने सोमवारी बोलावलं. मारिओतल्या सेवकाने निदान आधी आभार मानले होते.

म्हणून पुष्कळ जाणकार असं मानतात की मोठ्या माणसाला व्हिडिओ गेम नकोसा होतो, कारण तो दिवसभर तोच खेळत असतो. टप्पे, गुण, बढती, वरच्या मजल्यावरचा राक्षस, सगळं तेच. फक्त संगीत नसतं. हा सिद्धान्त आमच्या ऑफिसात फार लोकप्रिय आहे. मलाही तो पटला होता. पण मग टेट्रिस आडवं आलं.

टेट्रिस १९८४ सालचं, मॉस्कोचं. कर्ते अलेक्सी पाजितनोव्ह. यात राजकन्या नाही, किल्ला नाही, सेवक नाही. चार-चार चौकोनांचे सात प्रकारचे तुकडे वरून पडतात, ते फिरवून फट न ठेवता बसवायचे, आडवी ओळ भरली की ती नाहीशी होते. वास्तविक हा खास संसारी माणसाचा खेळ. इंदापूरहून परत निघताना मामी गाडीत अर्धं पोतं ज्वारी, डाळिंबांची पेटी, लोणच्याची बरणी आणि कोणाला तरी पोचवायचं एक गाठोडं ठेवायला सांगते. त्या डिकीत मी जे बसवतो ते पाहून पाजितनोव्ह यांनी माझ्याशी हस्तांदोलन केलं असतं. म्हणजे खेळ कामासारखा झाला म्हणून आवड जाते हे खरं नाही. डिकी भरताना मला आजही मनापासून मजा येते. विशेषतः आमच्या सौभाग्यवतींनी 'हे काही मावायचं नाही' असं म्हटल्यावर.

दुसरा सिद्धान्त डॉक्टर मंडळींचा : वय वाढलं की नजर आणि बोटं मंदावतात. यात तथ्य आहे. टेट्रिस हा न संपणारा खेळ. वेग वाढत जातो आणि शेवटी माणूस हरतो, हाच त्याचा शेवट. त्याच्या निन्टेन्डोवरच्या आवृत्तीत यंत्रानेच हात टेकावेत अशी वेळ माणसाच्या हातून प्रथम आली ती २०२३च्या डिसेंबरात, १५७व्या पातळीवर. आणि ती आणणारा होता अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातला तेरा वर्षांचा मुलगा. इतकी वर्षं मोठ्यांना जे जमलं नाही ते पोराने केलं. त्यावर इंग्लंडातल्या एका वृत्तनिवेदिकेने त्याला काय सांगावं? बाहेर जा आणि जरा मोकळी हवा खा. ही बाई आमच्या आत्याच्या नात्यातली असावी.

पण बोटं मंदावल्याने आवड जाते म्हणावं, तर इंदापुरात पारावर पत्ते कुटणाऱ्या म्हाताऱ्यांचं काय करायचं? त्यांच्यातल्या एकाला बदाम आणि इस्पिक यांतला फरक शेजाऱ्याला विचारावा लागतो. तरी रोज चारच्या ठोक्याला हजर. आणि गंमत पाहा, निन्टेन्डो ही कंपनी १८८९ साली जपानच्या क्योतो शहरात निघाली तीच मुळी पत्ते बनवण्यासाठी. म्हणजे एकाच घराण्यातली ही दोन भावंडं. थोरल्याची गोडी सत्तरीतही सुटत नाही आणि धाकट्याची तिशीतच सुटते. असं का?

वेळ नाही म्हणून, हा तिसरा सिद्धान्त तर मांडायचीही सोय नाही. म्हशीने तो कायमचा निकालात काढला आहे. शिवाय आमची आत्या आहे. वय अडुसष्ट. ती फोनवर 'कँडी क्रश' नावाचा, गोळ्या जुळवण्याचा खेळ खेळते. हा खेळ २०१२ साली आला, आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे तिने त्यात 'हजारो लेव्हली' पार केल्या आहेत. या खेळात पाच जीव मिळतात. ते संपले की दर अर्ध्या तासाने एक जीव परत मिळतो, किंवा ओळखीच्या माणसाकडून मागून घेता येतो. आत्या अर्धा तास थांबणाऱ्यांपैकी नाही. ऐन ऑडिटच्या दिवशी तिचा फोन येतो, "अरे, एक जीव पाठव रे!" पहिल्यांदा मी घाबरून उभा राहिलो होतो. आता पाठवतो. जीव पाठवला की ती पाच मिनिटं घरची चौकशी करते. आमच्या कुळातल्या निम्म्या लोकांची ख्यालीखुशाली आज त्या गोळ्यांमुळे कळते. जीव संपले नसते तर तिने आम्हाला फोन केला असता की नाही, मला शंका आहे. आणि ते जीव संपू नयेत असं तिला मनातून वाटतं की नाही, याबद्दलही.

इथे मला प्रथम काहीतरी उमगायला लागलं. त्यात एक जुनी हकिगत आठवली. १९७२ साली अमेरिकेत अटारी कंपनीने 'पाँग' काढला. पडद्यावरचं टेबल-टेनिस : दोन रेघा आणि एक ठिपका. व्हिडिओ गेमचा धंदा खऱ्या अर्थाने त्यावर उभा राहिला. तो एकट्याला खेळताच येत नसे. यंत्र तुमच्याशी खेळायचं नाही. यंत्र फक्त ठिपका द्यायचं. समोरचा माणूस तुम्ही आणायचा. एकट्या माणसाशी खेळणारी यंत्रं जगभर गाजली ती त्यानंतर. आमच्या लहानपणी बारामतीत एस.टी. स्टँडच्या बाजूला अशा यंत्रांचं एक दुकान होतं. रुपयाचं नाणं टाकायचं आणि तीन जीव मिळायचे. तीनच का? तर तुम्ही लवकर मरावं म्हणून. तुम्ही तासभर जगलात तर दुकानदार उपाशी मेला असता. पण तिथे एकट्या माणसामागे चार पोरं उभी असत. 'डावीकडून, डावीकडून!' असा ओरडा चाले. रुपया एकाचा, खेळ पाच जणांचा.

माझ्या चिरंजीवांचंही तसंच असणार, असा संशय मला आला आणि मी एकदा दाराआडून ऐकलं. कानाला यंत्र लावून तो मित्रांबरोबर कुठल्याशा बेटावर लढत होता. पाऊण तासाच्या संभाषणात शत्रूचा उल्लेख दोनदा आला. उरलेला वेळ गणिताच्या बाई, कोणाच्या तरी सायकलचं पंक्चर आणि शनिवारी डब्यात काय होतं, हा विषय. याला व्हिडिओ गेम म्हणत नाहीत. याला कट्टा म्हणतात. आमचा कट्टा कॅनॉलच्या पुलावर होता, त्यांचा बेटावर आहे.

मोठी माणसं खेळतच नाहीत ही समजूत ज्यांना दुरुस्त करायची असेल त्यांनी आषाढीच्या वाटेवर बारामती-इंदापूर रस्त्याला येऊन उभं राहावं. तुकोबांची पालखी याच वाटेने जाते. काटेवाडीला पालखीभोवती मेंढ्या धावतात, बेलवाडीला गोल रिंगण होतं, घोडे धावतात, आणि मग साठी-सत्तरीची माणसं हुतूतू खेळतात, फुगड्या घालतात. गावी जिना चढताना कठडा धरणाऱ्या म्हाताऱ्या तिथे अशा गरगरतात की बघणाऱ्याने कठडा धरावा. गुण कोणी मोजत नाही. कोण जिंकलं ते कोणाला ठाऊक नसतं. पडलेल्याला दोघं उचलतात आणि पुन्हा फुगडी सुरू होते. योहान हाउझिंगा नावाच्या डच इतिहासकाराने १९३८ साली 'होमो लुडेन्स' या ग्रंथात मांडलं की खेळ हा संस्कृतीहूनही जुना आहे. बेलवाडीच्या म्हाताऱ्यांना हे बऱ्याच आधीपासून माहीत असावं.

तेव्हा आवड जाते हे खोटं. मग जातं ते काय? उत्तर सौभाग्यवतींनी भाजी निवडता निवडता दिलं. "तुम्हाला हरायला आवडत नाही." ही त्यांची सगळ्याच विषयांवरची प्रतिक्रिया असल्याने मी दुर्लक्ष केलं. पण त्या रात्री मला मामा आठवला.

आमच्या कॅसेटवर एक बदकांच्या शिकारीचा खेळ होता. 'डक हंट', हाही १९८४चाच. प्लॅस्टिकच्या बंदुकीने पडद्यावरची बदकं मारायची. नेम चुकला की गवतातून एक कुत्रा वर येऊन फिदीफिदी हसायचा. त्या कुत्र्याचा आम्हाला इतका संताप यायचा की बदकं सोडून आम्ही त्यालाच गोळ्या घालायचो. तो मरत नसे. मामा रात्री दुकान बंद करून यायचा, जेवायचा आणि आमच्या मागे खुर्चीत बसून बघायचा. एके रात्री म्हणाला, "आण बघू, मलाबी दाखव." मी पहिला रिमोट त्याच्या हातात दिला, मारिओ लावून. मारिओच्या अगदी सुरुवातीला एक तपकिरी, रागीट अळंबी समोरून चालत येते. तिच्यावर उडी मारायची असते. मामाने रिमोट दोन्ही हातांनी उचलला, स्वतः खुर्चीतून उडी मारली, आणि मारिओ जागच्या जागी त्या अळंबीला धडकून मेला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. आम्ही दोघं लोळून लोळून हसलो. मामाही हसला. रिमोट परत दिला, म्हणाला, "तुमचं तुम्हीच खेळा रे बाबांनो."

त्याने पुन्हा कधी मागितला नाही. आम्ही पुन्हा कधी दिला नाही. मोठ्या माणसांना यात गोडी नसते, असं आम्ही ठरवून टाकलं.

यंत्रातला कुत्रा हसण्यासाठीच बनवलेला होता, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. मूल दिवसातून शंभर वेळा मरतं आणि शंभर वेळा उठतं, कारण त्याच्या शेजारी बसलेलंही तेवढ्याच वेळा मरत असतं. मोठा माणूस नवशिक्या म्हणून बसतो तेव्हा तो एकटाच मरतो, आणि बाकीचे बघत असतात. या खेळांच्या कर्त्यांनी डोंगर, दऱ्या, राक्षस, सगळं कौशल्याने रचलं. पण मागे राहिलेल्याला हात देण्याची सोय फारच थोड्यांनी केली. समीक्षक म्हणून माझा या सगळ्या कलाप्रकारावर मुख्य आक्षेप आहे तो हा. आणि माणूस म्हणून स्वतःवरही.

हा आक्षेप सोदाहरण सिद्ध करणारी कलाकृती म्हणजे 'काँट्रा', १९८७. दोन उघडेबंब सैनिक, दोन रिमोट. यात वर-वर-खाली-खाली-डावा-उजवा-डावा-उजवा अशा चालीचा एक मंत्र दाबला की तिनाऐवजी तीस जीव मिळत, आणि तो मंत्र जगभरातल्या पोरांना रामरक्षेपेक्षा चांगला पाठ होता. तिसऱ्या टप्प्यात एक धबधबा आहे. दगडांवरून उड्या मारत वर वर जायचं. एकजण वर गेला की पडदा वर सरकतो, आणि जो खाली राहिला तो पडद्याच्या कडेखाली जाऊन मरतो. गोळी लागून नव्हे. नुसता मागे राहिला म्हणून. मी नेहमी घाईने वर जायचो. अप्पाचं डावं बटण रुतलेलं. तो ओरडायचा, "आरं, थांब की जरा, मला येऊ दे!" मी थांबत नसे. वर मोठी बंदूक असायची.

पुढे मी शिकायला पुण्याला गेलो, नोकरीला बारामतीला परतलो. अप्पाने ऊस आणि डाळिंब सांभाळलं. पन्नासएक किलोमीटरवर राहून आम्ही भेटायचो ते लग्नात आणि दहाव्याला.

मामाच्या वर्षश्राद्धाला आम्ही सगळे इंदापूरला गेलो. दुपारी पानं उठल्यावर मामीने माळा आवरायला काढला. जुन्या समया, फुटका स्टोव्ह, आणि एका गोणपाटात गुंडाळलेला तो खेळ. गोणपाटाला सुतळीची नीट गाठ. मामाचीच गाठ होती. दुकानात तो अशीच मारायचा. चिरंजीवांनी डबा असा उचलला, जणू काही मोहेंजोदडोला सापडला. "बाबा, हे चालतं?"

अप्पा म्हणाला, "फुंकर मार."

पिवळ्या-पांढऱ्या वायरी नव्या टीव्हीला लावल्या. चित्र आलं. बदकांची बंदूक मात्र काही केल्या चालेना. चिरंजीवांनी फोनवर वाचून सांगितलं की चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो आणि बंदूक तो उजेड टिपते. नव्या टीव्हीला चित्र दाखवायला किंचित उशीर होतो, तेवढ्यात बंदुकीची वेळ टळते. उशीर झाला की नेम चुकतो. कुत्रा मात्र वेळेवर वर येऊन हसला.

मग काँट्रा. पहिला रिमोट चिरंजीवांचा. दुसरा त्याने माझ्यापुढे धरला. या वेळी माझ्याजवळ वेळही होता आणि डोळेही ठीक होते. मी घेतला. डावं बटण अजून रुततच होतं. तेव्हा मला प्रथमच कळलं की अप्पा त्या बटणानिशी दोन महिने खेळला होता.

मी पहिल्या टप्प्यात अकरा वेळा मेलो. मागे खुर्चीत अप्पा बसला होता, अगदी मामा बसायचा तसा. तो हसला नाही. धबधबा आला. चिरंजीव माकडासारखे वर. मी खालच्या दगडावर. पुढची उडी डावीकडे, आणि डावं बटण बसलेलं. मी म्हटलं, "तू जा रे, माझं राहू दे."

"थांबतो, बाबा. या."

तो थांबला. एका जागी उभा राहिल्यामुळे त्याला गोळी लागली. "एक गेला," तो म्हणाला, "अजून आहेत." पुन्हा आला, पुन्हा थांबला. मी दोन दगड चढलो. आणखी एक. अप्पा खुर्चीतून उठून आमच्या शेजारी खाली सतरंजीवर येऊन बसला. "आता डावीकडून," तो म्हणाला.

आणि लाइट गेली.

त्या यंत्रात खेळ साठवून ठेवण्याची सोय नव्हती. लाइट आली की सगळं पहिल्यापासून. खोलीत अंधार, पंखा बंद, तिघंही गप्प. मग अप्पाने कोनाड्यात हात घातला. "पत्ते काढू का? तिघं आहोत. पाच-तीन-दोन."

चिरंजीव म्हणाले, "मला येत नाही."

"येतंय की. बस."

खिडकीजवळच्या उजेडात डाव मांडला. पहिल्या डावात चिरंजीवांनी हुकुमाचा एक्का अठ्ठीवर टाकला. अप्पाने माझ्याकडे बघितलं, मी अप्पाकडे. दोघांनीही हसू गिळलं. "सावकाश टाक," अप्पा म्हणाला, "घाई नाय." दुसरा डाव हरला, तिसराही हरला. चौथ्या डावात त्याने माझे दोन हात ओढून घेतले, अप्पाच्या राणीवर राजा ठेवला आणि जिंकला. जिंकल्यावर तो माझ्या तोंडाकडे बघून हसला. हुबेहूब तो कुत्रा.

मी पानं गोळा केली आणि पिसायला घेतली.